पडद्यामागची नदी

"दिवा मागे, रंगीत पाण्याचा गोळा पुढे, आणि वात दिसता कामा नये," असं आमच्या चर्चचे म्हातारे सेवेकरी गेओर्गकाका सांगायचे. टिरोलच्या आमच्या खोऱ्यात ईस्टरआधी येशूच्या कबरीची आरास अशीच उजळते. काचेचे ते गोळे भरायचं माझं व्रत आहे.

म्हणूनच हासलिंगर चित्रकाराने खानावळीत अमेरिकेचं चित्र रंगवलेला पडदा उघडला, तेव्हा सगळं गाव गुडघ्यांवर का आलं ते मला कळलं. हिरवी कुरणं, पिसांचे मुकुट घातलेले रानातले लोक, मध्ये नदी. त्याने हात उंचावला आणि नदी आतून उजळली. तसा उजेड आम्ही फक्त त्या कबरीपाशी पाहिलेला.

हासलिंगर सांगत होता, या पाण्यात पांगळे उभे राहतात, आपण डोळ्यांनी पाहून रंगवलंय. जहाजाची तिकिटंही तोच विकत होता. माझ्या धाकट्या, विधवा बहिणीने, नोटबुर्गाने, घर विकून ती आधीच घेतली होती. तिच्या मुलाचे, कासियानचे, पाय जन्मापासून लुळे. त्या नदीत तुला उभं करीन, असं वचन तिने लेकराला दिलं होतं.

मी जपमाळ मनगटाला गुंडाळली आणि पडद्यामागे गेले. नदीपुरतं कापड खरवडून झिरझिरीत केलेलं; मागे निळ्या पाण्याचे गोळे, त्यांच्यामागे दिवे. मी एकेक दिवा विझवला. पुढे नदी काळी पडत गेली. मग मी पडदा बाजूला सारला.

"ही नदी खरंच पाहिलीत का, साहेब?"

"पाहिली की, बाई. नुसता चिखल, आणि काठावर तापाने मेलेल्यांची थडगी. ते बघायला तुम्ही आला असता?"

गाव हसलं. त्याला नाही, नोटबुर्गाला. तिचं घर घेणारा खानावळवालाच म्हणाला, "चिखलच हवा तर माझ्या डुकरांपाशी ये की, भाडं घेणार नाही." गुडघे टेकलेले सर्वांत मोठ्याने हसले.

मी रोज देवापुढे दिवा लावते. तो मीच लावलाय हे मला ठाऊक असतं, आणि देवाला त्यात कमीपणा वाटत नाही. जो दिवा लपवतो, त्याला मागची बाजू दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर उठून घरी जा.

पहाटे नोटबुर्गा कासियानला पाठीशी बांधून दारात आली. माझ्याकडे राहा म्हणून मी विनवलं.

"मला कळलंय गं, ताई," ती पुटपुटली. "त्याला कोण सांगणार?"

"मावशी, तिथलं पाणी गार असतं का?" कासियानने विचारलं.

मी काही बोलायच्या आत तिने त्याचे पाय शालीत गुंडाळले आणि बंदराकडे जाणाऱ्या खिंडीची वाट धरली.