आमदारसाहेबांचा उजवा कान

मित्रांनो, मी एक जुनं कानाचं मशीन आहे. वालाच्या दाण्याएवढा माझा जीव. कारखान्यात एका बाईने भिंगातून पाहत माझ्या तारा जोडल्या, आणि मी एका आमदारसाहेबांच्या उजव्या कानात जाऊन बसलो.

साहेब चौथ्यांदा निवडून आले होते. ऐकू कमी येऊ लागल्यावर त्यांनी एक युक्ती काढली होती. समोरचा काहीही बोलो, मान डोलवायची. "साहेब कुणाला नाही म्हणत नाहीत," असा त्यांचा लौकिक झाला. कामं अर्थातच होत नसत. शेवटी मुलीने त्यांना कानाच्या डॉक्टरकडे धरूनच नेलं आणि मला घेतलं. मी मतदारांना दिसू नये म्हणून साहेबांनी कानावर केस वाढवले!

तरी माझं कौतुक होतं. रोज सकाळी ते मला मऊ कापडाने पुसत. सभागृहात गोंधळ सुरू झाला, की मात्र मला काढून खिशात टाकत आणि शांत बसून राहत. मलाही तिथे बरं वाटे, खोटं कशाला बोलू?

त्यांच्या मतदारसंघातल्या एका दवाखान्यात दोन वर्षं डॉक्टर नव्हता. तिथल्या नर्सबाई एकट्या बाळंतपणं करत. त्यांनी आठ खेपा घातल्या, तेव्हा कुठे साहेबांनी सभागृहात प्रश्न लावला. नेमका त्याच दिवशी गोंधळ झाला आणि मी खिशात गेलो. अध्यक्षांनी साहेबांचं नाव दोनदा पुकारलं. मला ते ऐकू आलं, पण मी सांगणार कसं? शेजारच्या सदस्याने कोपराने ढोसलं, तोवर पुढचा प्रश्न सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई दारात हजर. पीए साहेबांना हळूच म्हणाला, "गोंधळात राहून गेलं म्हणा. कोण विचारतंय?"

साहेब उठले. मग बाहेर येऊन त्यांनी कानावरचे केस मागे सारले.

"चूक माझी आहे, बाई. हे मशीन मी काढून ठेवलं होतं. मला माझं नावच ऐकू आलं नाही."

नर्सबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "आज घातलंय ना? मग नीट ऐका."

त्यांनी एका बाळंतिणीची हकीकत सांगितली. ती वाचली नव्हती. मी यायच्या आधीही त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि साहेबांनी मान डोलवली होती. आज साहेबांना रडू आवरेना.

पुढच्या अधिवेशनात कानठळ्या बसतील असा आरडाओरडा झाला, पण मी कानातच होतो. साहेबांनी प्रश्न विचारला. मंत्र्यांनी गुळमुळीत उत्तर दिलं, तेव्हा ते पुन्हा उभे राहिले. दोन महिन्यांत डॉक्टर आला.

पुढची निवडणूक मात्र साहेब हरले. न होणाऱ्या कामाला ते 'होणार नाही' म्हणू लागले होते ना! घरातली वर्दळ थांबली. मी डबीत पडून राहिलो, मला कुणी पुसेना.

एका सकाळी साहेबांनी आपणहून डबी उघडली.

"आता तर कुणी येत नाही," साहेबांच्या पत्नी, बाईसाहेब म्हणाल्या. "कुणासाठी घालताय?"

"तू बोलत असतेस ना."

चहा ओतता ओतता बाईसाहेब थांबल्या. मग खुर्ची जवळ ओढून बसल्या आणि हळूहळू बोलू लागल्या.

मित्रांनो, आम्हाला ओल लागू देऊ नका, सेल वेळेवर बदला, म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं चालतो. पण घरातलं माणूस बोलत असताना हातातलं काम बाजूला ठेवणं आमच्याने होत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल.