फिक्री सरूर यांची वरची ओळ

इजिप्तमधल्या आमच्या दुम्यात शहरात माणूस मेला की दुसऱ्या दिवशी पेपरात त्याच्या नातेवाइकांची नावं छापून येतात. मेलेल्याचं नाव सुरुवातीला एकदा, आणि मग खाली वरात: अमक्याचे वडील, तमक्याचे सासरे, फलाण्या साहेबांचे साडू. ज्याचं नाव राहतं तो दहा वर्षं बोलत नाही.

बाबा ते पान रोज सकाळी वाचायचे. पांढरं चीज, पाव, चहा आणि मयतांचं पान. वाचता वाचता त्यांचा पारा चढायचा.

"हे बघ, सुहैर. डॉक्टरांचे काका, इंजिनियरचे मामा, कस्टममधल्या साहेबांचे व्याही. अरे, पण हा स्वतः कोण होता? की नुसता नातेवाईक म्हणूनच जन्माला आला?"

एकदा बशी बाजूला सारून ते म्हणाले, "माझ्या वेळी एक ओळ माझी लिही. एकच. खाली तुमची काय वरात आणायची ती आणा."

"कुठली ओळ, बाबा?"

"ते तू ठरव. भाषेची मास्तरीण ना तू? मी काय बसून माझीच आरती ओवाळू?"

मी शब्द दिला. एक ओळ म्हणजे काय मोठं, असं तेव्हा वाटलं.

बाबा म्हणजे हाज, म्हणजे हजला जाऊन आलेले, फिक्री सरूर, सोनेरी पायांच्या खुर्च्यांचे कारखानदार. अर्ध्या इजिप्तच्या बैठकीच्या खोल्यांत त्यांच्या खुर्च्या आहेत आणि खराब होतील म्हणून त्यांवर कुणी बसत नाही. त्र्याहत्तरच्या ऑक्टोबर युद्धात ते सुएझ कालव्यावर होते, पण बंदूक घेऊन नाही. पलीकडच्या काठावर शत्रूचा वाळूचा उंच बांध होता, तो पाण्याच्या फवाऱ्याने फोडायचा होता. बाबा पंपावर होते. "लोक लढायला गेले, मी बागेला पाणी घालायला गेलो," असं म्हणून पाइप कसा उसळला, आपण चिखलात तोंडावर कसे आपटलो, पुढचे दोन दात कसे गेले, हे दर ईदला दिवाणखान्याच्या मधोमध आडवे पडून करून दाखवायचे. आम्ही पोट धरून हसायचो. आई मात्र तेवढ्यात स्वयंपाकघरात जायची. तिला ती गोष्ट शंभरदा ऐकून कंटाळा आला असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

ते मंगळवारी गेले. कारखान्यात नवी खुर्ची तपासायला बसले आणि बसल्याबसल्या गेले. कारागीर अर्धा तास गप्प उभे होते, कारण हाज खुर्ची तपासत असताना कुणी बोलायचं नाही असा नियम होता. शेवटी पॉलिशवाल्याने धीर करून विचारलं, "हाज, पास का?" तेव्हा कळलं.

दुपारच्या नमाजानंतर दफन झालं आणि जाहिरात लिहायला आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. चार वाजेपर्यंत मजकूर द्यायचा होता. टेबलाच्या टोकाशी इस्मतमामा बसला. आईचा थोरला भाऊ, निवृत्त मेजर जनरल. सैन्यात असेपर्यंत त्याने गोदामातली ब्लँकेटं सांभाळली, पण बसतो असा की कालवा त्यानेच खणला.

पेपरच्या कचेरीतले गिरगिस फोनवर म्हणाले, "मॅडम, अठरा ओळी. एकोणिसावी मागू नका. उद्या गर्दी आहे, फार लोक गेलेत."

पहिल्या ओळीत मी बाबांच्या निधनाचं लिहिलं. दुसरी ओळ कोरी सोडली. तिसरीपासून वरात सुरू झाली.

"कोरी कशाला?" मामाने विचारलं.

"बाबांची ओळ आहे. सुचली की लिहिते."

"मेहुण्याची ओळ? मेहुणा तर वरच्या ओळीत आहेच की! इथे नाजी वकील बसेल. त्याला वगळलंस तर तुझ्या भावाच्या फ्लॅटचे कागद विसर."

मग फोन सुरू झाले. मन्सूरा शहरातली आत्या म्हणाली, जावयाच्या नावापुढे 'सल्लागार' लागलंच पाहिजे. कसला सल्लागार, ते तिलाही ठाऊक नव्हतं. कुवेतहून भावाने बायकोच्या माहेरची दोन घराणी घातली. कारखान्याला कातडं पुरवणारा रडत म्हणाला, "मी हाजना भावासारखा होतो, ताई. सख्खा लिहिलंत तरी चालेल." 'ऑक्टोबर युद्धाचे वीर' हे शब्द मी कोंबले होते. ते गेले आणि तिथे बंदर खात्यातले दोन चुलते आले. 'सरूर फर्निचरचे संस्थापक' गेले आणि तिथे दातांचे डॉक्टर आले. साडेतीन वाजता नाजी वकिलाला जागा हवी म्हणून मामाची ओळ वर सरकली आणि तिने माझी कोरी ओळ गिळली. मी भांडले. खरंच भांडले. पण मला ओळ सुचलेली नव्हती, आणि कोऱ्या जागेसाठी माणूस किती भांडणार?

चारला पाच मिनिटं कमी असताना गिरगिसांचा फोन आला. "एक ओळ जास्त होतेय. लवकर सांगा, पान लागतंय."

मामा म्हणाला, "वरची काढ. 'अल्लाहच्या कृपेस प्राप्त झाले' वगैरे. ते सगळ्यांचंच असतं."

माझं डोकं भणभणत होतं. मी फोनमध्ये म्हटलं, "वरची काढा."

बुधवारी सकाळी पेपर आला. काळ्या चौकटीत जाहिरात सुरू होत होती ती अशी: 'मेजर जनरल (निवृत्त) इस्मत अबाझा यांचे मेहुणे.' त्याखाली सतरा ओळी, त्रेचाळीस माणसं, सहा घराणी. बाबांचं नाव कुठेच नव्हतं. ते पहिल्या ओळीत होतं आणि पहिली ओळ मी काढली होती. त्रेचाळीस जिवंत माणसांना मी काळी चौकट घातली आणि मेलेल्याला बाहेर ठेवलं. शब्द दिला होता एका ओळीचा, आणि त्यांची होती नव्हती ती ओळही घालवून बसले.

संध्याकाळी गल्लीत शोकाचा मंडप उभा राहिला. वर घरात बायका, खाली मंडपात पुरुष. मी गॅलरीतून बघत होते. अशी गर्दी मी आमच्या गल्लीत कधी पाहिली नव्हती. घाईत वाचणाऱ्यांनी फक्त वरचं ठळक नाव वाचलं होतं आणि मेजर जनरल वारले असं समजून निम्मं शहर आलं होतं. मेजर जनरल मंडपाच्या दाराशी रांगेत पहिला उभा होता.

आता, समोर उभ्या असलेल्या माणसाला 'तुम्ही मेलात ना?' असं कसं विचारणार? आमच्याकडची माणसं मरतील पण अवघडल्यासारखं वागणार नाहीत. ऑफिसर्स क्लबच्या चिटणिसांनी मामाला बघितलं, क्षणभर थबकले, मग त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो. फार मोठा माणूस गेला."

"अल्लाहची मर्जी," मामा म्हणाला. कोण गेला ते त्याने सांगितलं नाही.

चिटणीस आत गेले, बिनसाखरेची कॉफी प्याले आणि खिशातून कागद काढून त्यांनी ब्लँकेटांवर भाषण केलं. मामाने डोळे पुसले. नंतर मला म्हणाला, "बोलले मात्र चांगलं. मध्येच कसं थांबवणार?"

जे सगळ्या ओळी वाचून आले होते त्यांची वेगळीच तऱ्हा. दातांच्या डॉक्टरांचे पेशंट डॉक्टरांसाठी आले होते आणि डॉक्टर त्यांना पुढच्या तारखा देत होते. कातडंवाल्याला तिघांनी मिठी मारून रडून घेतलं, आणि कुणीतरी आपल्यासाठी रडतंय म्हणून तोही रडला. कुराण पढणाऱ्या शेखांनी विसावा घेताना विचारलं, "दुआ कुणासाठी मागू?" तर मंडपातून एकदम सात नावं आली. शेख अनुभवी होते. त्यांनी सातही जणांसाठी मागितली. त्या सातांत बाबा नव्हते.

वर बायकांतही तेच. एका म्हातारीने आईला विचारलं, "हाजा, तुमच्याकडचं नक्की कोण गं गेलं?"

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी मी पेपरच्या कचेरीत गेले. गिरगिसांनी हात जोडले. "मॅडम, दुरुस्ती छापतो. पण दुरुस्तीला एकच ओळ. नियम आहे."

"एकच द्या," मी म्हटलं.

तेवढ्यात मामाचा फोन. "दुरुस्ती देतेच आहेस तर 'अबाझा' आधी अन् 'इस्मत' नंतर करून घे. आणि लोकांना कळू दे की मी आहे. क्लबने माझी जागा दुसऱ्याला दिली!"

मग दातांचे डॉक्टर. "सुहैरताई, पेशंट येईनात हो. जिवंत आहे म्हणून टाका." मग आत्या. तिचा जावईही जिवंत होता, आणि अजून सल्लागार होता. सगळ्यांचं म्हणणं एकच. मी फोन बंद केला.

समोर कोरा कागद होता. खुर्च्यांचं लिहू, की कालव्याचं, की घराचं? गिरगिस घड्याळाकडे बघत होते. मला वैताग आला होता, सगळ्यांचा आणि माझा स्वतःचा. त्या वैतागातच मी खरडलं आणि कागद सरकवला.

शुक्रवारी ती ओळ आली. 'मंगळवारी गेले ते फिक्री सरूर. बाकी सगळे सुखरूप आहेत.'

मामा खूश झाला. डॉक्टरही खूश झाले. मला मात्र लाज वाटत होती. बाबांनी उभ्या आयुष्यात मागितलेली एक ओळ, आणि तिच्यातही निम्मी मी नातेवाइकांना देऊन टाकली होती.

आईने पेपर मागितला नाही. "वाच," म्हणाली. मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

"आई, चुकलंच माझं," मी म्हटलं.

"आमचं लग्न ठरलं होतं तेव्हा," ती म्हणाली, "कालव्यावरून हाजचं एकच कार्ड आलं. एवढीच एक ओळ. फक्त उलटी."

"उलटी म्हणजे?"

"'मी सुखरूप आहे, बाकी सगळे गेले.' पंपावर पाच जण होते. तोफेचा गोळा पडला तेव्हा हे तोंडावर पडले म्हणून वाचले. पडल्यावर दात गेले. बाकी चौघं पाइप धरून उभेच होते."

पंचेचाळीस वर्षं दर ईदला आम्ही त्या पडण्याला टाळ्या दिल्या होत्या.

"कोण होते ते?" मी विचारलं.

आईने ओढणीने चष्मा पुसला आणि म्हणाली, "लिहून घे." चौघांचीही नावं तिला पाठ होती.