रिया का वळली

गव्हाणच्या मैदानात त्या दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. लाकडी मंचावर श्रवणबाबा होते, आणि त्यांच्याकडे पाठ करून अनवाणी उभी होती नऊ वर्षांची रिया. जन्मापासून बहिरी.

"कानाचा नव्हे, कर्माचा पडदा बंद होता! तो आम्ही फाडला!" बाबा गरजले.

कर्माचा पडदा कुठल्या कापडाचा असतो, हे कुणीच विचारलं नाही.

"रिया!" बाबांनी हाक मारली, आणि रिया गर्रकन वळली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिची आई रंभा बाबांच्या पायांवर कोसळली.

रंभामावशी पनवेलला आमच्या शेजारी राहायची, मोरा बंदरावरून मासळी आणून विकायची. २०११ साल होतं. मी मुंबईत सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचं प्रशिक्षण नुकतंच सुरू केलं होतं. संध्याकाळी रियाकडे सराव करायचे. माझी बोटं चुकली की ती हसून सरळ करायची.

"मावशी, आधी डॉक्टरांकडून रियाचे कान तपासून घे," मी म्हटलं.

"तू गप, स्नेहल. माजी पोर बहिरी रायली तरच तुजं शिक्षण कामाला येल ना?"

मी गप्प बसले. तिथे मी चुकले.

हातांनी बोललीस तर कान पुन्हा मिटतील, असं बाबांनी बजावलं होतं. रियाची शाळा बंद झाली. खूण केली की हातावर चापट बसायची. आठ महिने ती हात मांडीखाली दाबून दारात बसलेली दिसायची.

मग बाबा पुन्हा गव्हाणला आले आणि साक्षीला रियालाच उभं केलं. या वेळी मी मंचावर चढले.

"महाराज, मला तिला एकच प्रश्न विचारायचाय."

हजार लोकांसमोर त्यांना नाही म्हणता येईना. मी खुणेने विचारलं, 'तू का वळतेस?' रियाने आईकडे भीत भीत पाहिलं. हात हळूच वर आले. हात जे सांगतील तेच बोलायचं, आणि 'मी' म्हणून बोलायचं, हे आम्हाला शिकवलेलं.

"मला ऐकू येत नाही," मी मोठ्याने बोलले. "बाबा तोंड उघडतात तेव्हा मागचा माणूस काठी आपटतो. फळी हादरते. पायांना कळतं. मी वळते."

"खोटं! ही पोरगी मनचं सांगतेय!" बाबा माझ्याकडे बोट दाखवत ओरडले.

मी त्यांच्याच आसनाची जाड गादी ओढून रियाच्या पायांखाली सरकवली. "मारा हाक."

तीन हाका झाल्या. तीनदा काठी आपटली. रिया समोर पाहत राहिली. गादी काढली, मी स्वतः मुकाट्याने टाच आपटली, आणि ती वळली.

रंभामावशी वर आली. "मंग मला सांगितलंस का नाय गो? कशाला वळत रायलीस?"

मी विचारलं. रियाच्या हातांमागोमाग मी बोलत गेले.

"मी पहिल्यांदा वळले तेव्हा आई हसली. माझ्याकडे बघून आई इतकी कधीच हसली नव्हती. म्हणून."

तोवर बाबांची गाडी मागच्या रस्त्याने निघून गेली होती.

जूनमध्ये रिया शाळेत परतली, पण तिच्या मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या होत्या. कितीतरी खुणा ती विसरली होती. आईने हात उचलला की अजून दचकते. मावशी आता माझ्याकडे खुणा शिकायला येते. काट्यांनी चिरलेली बोटं वळत नाहीत, तरी येते.

मूल बहिरं असेल तर त्याचे कान तपासा, त्याला शाळेत घाला, त्याची भाषा शिका. चमत्कारच करायचा असेल, तर त्या आठ महिन्यांतला एक दिवस कुणीतरी रियाला परत आणून द्यावा.