माझी गांडुळं कोण मारतंय?

मी एक जुना गांडूळखताचा बेड आहे. पिंपळवंडीत एका गोठ्यामागे, शेवग्याच्या सावलीत माझा मुक्काम. अंग हिरव्या ताडपत्रीचं, पोटात शेण, पालापाचोळा आणि हजारो गांडुळं. ती या घरची सून समृद्धी हिने घोडेगावजवळच्या माहेराहून बादलीतून आणली. या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

मित्रांनो, माझा स्वभाव संशयी. पोटात जिवंत माल असला की कुणाचाही भरवसा वाटत नाही. कोंबड्या तर उघड चोर. पण माझा खरा डोळा होता तिच्या सासूवर, साळुबाईवर. पहिल्याच दिवशी नाक मुरडून ती म्हणाली होती, “हे काय किडं पाळायचं खूळ!” आणि तरी रोज दुपारी, सून शेतात गेली की ती यायची, इकडेतिकडे बघायची आणि माझ्यावरचं ओलं गोणपाट उचलायची.

एके दिवशी गांडुळं बाहेर पळू लागली, मरू लागली. समृद्धीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिलाही सासूचाच संशय आला. तिने साळुबाईशी बोलणंच टाकलं. मला बरंच वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी समृद्धी कडब्याआड लपून बसली. साळुबाई आली. गोणपाट उचललं, हात आत घातला.

“सापडलात ना, आत्या! काय टाकताय?”

साळुबाईने मूठ उघडली. तळहातावर चार-पाच गांडुळं वळवळत होती. “रोज ओल हाय का बघाया येते. आता भायेर पडलेली कडंच्या जुन्या खतात सोडतीया. गेल्या आठवड्यात गायीला जंताचं औषध पाजलंस, अन् तिचंच शेण निववून ह्यात घातलंस. पोटातलं जंत मारणारं औषध ते. ही जगत्याल व्हय?”

समृद्धीने माझ्यावरचं गोणपाट पुरतं बाजूला ओढलं. “मग तवाच का नाय सांगितलं?”

“सांगाया आले व्हते. तू त्वांड फिरवून गेलीस.”

दोघींनी मिळून वरचं शेण उपसलं. मी मात्र शरमलो. तो हात रोज माझ्या पोटात मायेने फिरत होता आणि मी त्यालाच चोर समजत होतो.

मित्रांनो, मला सावली द्या, ओलावा द्या. औषध पाजलेल्या गुरांचं शेण माझ्यापासून लांब ठेवा. आणि कुणाचा संशय आला, तर आधी त्याच्याशी बोला. त्या न बोललेल्या चार दिवसांत माझी निम्मी गांडुळं गेली.