पिवळ्या कोटाचा विजय

मी एक जुनं तैलचित्र आहे, मित्रांनो. जुनं म्हणजे काही राजेमहाराजांच्या काळातलं नव्हे. मला रंगवणाऱ्या चित्रकर्तीबाई अजून हयात आहेत आणि त्यांची जीभ माझ्या रंगांहूनही तिखट आहे.

माझा जन्म एका गॅरेजवरच्या खोलीत झाला. बाईंनी लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणून ठोकला आणि धाकट्या बहिणीला पिवळा कोट घालून खुर्चीत बसवलं. कोटाचा रंग त्यांनी सुरीने असा जाड थापला, जणू पावावर लोणीच.

"ताई, मान आखडली गं माझी!" बहीण कुरकुरली.

"आखडू दे. चित्रात दिसणार नाही."

माझ्यावर व्हार्निश मात्र त्यांनी मुद्दामच लावलं नाही. कुठे चमक, कुठे मंदपणा, असंच रूप त्यांना हवं होतं.

पुढे शहराच्या वाचनालयाने मला मोठ्या कौतुकाने नेलं. मुलं मला 'पिवळी मावशी' म्हणत. पुस्तकातून डोकं वर काढलं की लोक माझ्याकडे बघून हसत. पण नव्याचे नऊ दिवस! माझी जागा वाचनाच्या दालनात, पाऊस-वारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर होती. समोरच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट तोंडावर येई. ओल्या हवेत भिंतीला दमट वास सुटे आणि माझा कॅनव्हास ढिला पडे. हवा कोरडी झाली की तोच ताठ होई. या ओढाताणीत कॉलरजवळ बारीक तडे गेले. पाठ उघडी होती, तिथे धूळ साचली. खुर्च्यांचे धक्के बसले ते वेगळेच. हळूहळू लोकांनी माझ्याकडे बघणंच सोडलं.

मग वाचनालयाचा शतकमहोत्सव जवळ आला. ग्रंथपाल मनाने चांगले, पण भारी उत्साही. चित्रकर्तीबाईंना बोलवायचं ठरल्यावर त्यांनी फर्मान काढलं, "चित्र ओल्या फडक्याने स्वच्छ पुसा, वर व्हार्निशचा हात मारा. आरशासारखं चमकलं पाहिजे!"

नशिबाने पुसण्याआधी चित्रांची निगा राखणाऱ्या एका बाईंना तपासणीला बोलावलं होतं. येताक्षणी त्यांनी ऊन कुठून येतं, भिंत किती दमट आहे, खुर्च्या किती जवळ आहेत, असे इतके प्रश्न विचारले की कर्मचाऱ्यांनी त्यांचं नाव 'काळजीबाई' ठेवून टाकलं.

"पुसायला काय हरकत आहे?" ग्रंथपालांनी विचारलं.

काळजीबाईंनी वाद घातला नाही. बाहेरच्या फ्रेमखाली झाकलेल्या कडेला, कुणाला दिसणारही नाही अशा ठिकाणी, त्यांनी ओलसर कापसाचं टोक अलगद टेकवलं आणि ग्रंथपालांसमोर धरलं. कापूस पिवळा झाला होता.

"साहेब, ही धूळ नाही. हा कोट आहे."

ग्रंथपाल मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे मी बाईंच्या बहिणीचा कोटच उतरवणार होतो!"

"आणि व्हार्निश रंगात मुरलं असतं, तर पुन्हा कधीच निघालं नसतं," काळजीबाई म्हणाल्या.

ग्रंथपालांनी त्याच दिवशी हुकूम फिरवला. मला आतल्या भिंतीवर हलवलं. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ टिपली. पाठीवर संरक्षक फळी बसली, खिडकीला पडदा लागला, समोर दोरी आली. "आता चित्राला स्वेटरही विणा," कर्मचारी चिडवत. काळजीबाई हसत आणि हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र बघायला जात.

महोत्सवाला थोडेच दिवस उरले असताना वादळी पाऊस कोसळला. छताची पन्हळ तुंबली. बाहेरच्या भिंतीतून भरदुपारी पाणी झिरपलं, गिलावा फुगला आणि पाहता पाहता त्याचा मोठा पोपडा धाडकन खाली आला. नेमका माझ्या जुन्या जागेवरून! मी मात्र आतल्या भिंतीवर ठणठणीत, कोरडं! ग्रंथपालांनी काळजीबाईंना तिथेच हात जोडले. त्या दिवसापासून स्वेटरचा विनोद बंद झाला.

महोत्सवाला दोघी बहिणी आल्या. धाकटीचे केस आता पांढरे झाले होते. चित्रकर्तीबाई मला कितीतरी वेळ निरखत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि हात आपसूक कोटाकडे गेला.

"बाई, हात मागे," काळजीबाई म्हणाल्या.



"अहो, माझंच चित्र आहे ते!"

"होय ना. म्हणून तर."

चित्रकर्तीबाई खळखळून हसल्या. मग त्यांनी काळजीबाईंचा हात धरून त्यांना माझ्या शेजारी उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं, "याला रंग मी दिला. तो टिकवला यांनी." साऱ्या दालनात टाळ्या कडाडल्या. मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं म्हणून सांगू! गर्वाने माझा कॅनव्हास फुगला असता, पण हवा अगदी योग्य होती, त्यामुळे तीही सोय नव्हती.

तेव्हा एवढंच करा. चित्र मन भरेपर्यंत बघा, पण बोट लावू नका, ओलं फडकं तर नकोच नको. आणि कुणी पडदा ओढून घेताना, भिंतीला हात लावून ओल तपासताना दिसलं, तर त्यांना नावं ठेवू नका. त्यांच्या जिवावर मला अजून पुष्कळ वर्षं मिरवायचं आहे!