फिकं पडलेलं पेप्टाइड

बाळंतपणाची रजा संपवून कामावर आले आणि तिसऱ्याच आठवड्यात माझी क्रीम फिकी पडली.

माझी म्हणायचं कारण, लेक पोटात असल्यापासून मी या क्रीमचं सूत्र जुळवत होते. चेहऱ्यावर वय लवकर दिसू नये म्हणून त्यात तांब्याचं पेप्टाइड घातलं होतं. तांब्याचा अंश धरून ठेवणारा प्रथिनाचा तुकडा, आणि त्या तांब्यामुळेच रंगानं गर्द निळा. ते मिसळलं की पांढऱ्या क्रीमला आभाळी झाक येते. या खेपेलाही आली, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत पार उडाली.

कारखान्यातले मिक्सर चालवणारे काका म्हणाले, गरम असतानाच ओतलंस पोरी, जीव घरी आणि हात इथे. मी नोंद दाखवली, ओतताना अडतीस अंश, म्हणजे नुसतं कोमट. प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमनी नोंदीचं पान वाचलं, त्यात खोट सापडेना. मग पुरवठादाराचाच माल खराब, असं त्यांनी ठरवून टाकलं. बाटली परत पाठवायची, हे पेप्टाइडचं खूळ पुरे, गिऱ्हाइकाला उद्या द्यायचा नमुना त्याच्याविनाच जाईल.

मान डोलावली असती तर मी सुटले असते. पण पेप्टाइड काढलं की दुकानातल्या दहा क्रीमांत अकरावी, एवढीच तिची ओळख उरणार होती. मी दोन तास मागून घेतले.

पानावर सगळं बरोबर होतं. मग पानावर नसलेलं काय झालं? डोळे मिटून हातांची उजळणी केली. पाणी, ग्लिसरीन, आणि मग उजवा हात आपोआप फळीवरच्या बरणीकडे गेला. पाण्यातले धातूचे अंश धरून ठेवणारी ती पांढरी पूड सहा वर्षं मी प्रत्येक क्रीममध्ये टाकत आले, कणकेत मीठ घालावं तशी, न बघता. या सूत्रातून ती मीच मुद्दाम वगळली होती. तांबंही धातूच. पुडीनं ते पेप्टाइडच्या कुशीतून ओढून नेलं असणार.

दोन भांड्यांत थोडीथोडी क्रीम केली, एकात पूड घालून, एकात न घालता. पुडीचं भांडं माझ्या डोळ्यांदेखत फिकं पडलं. दुसरं निळंच राहिलं.

दोन्ही मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"माल चांगला आहे. पूड मी टाकली. टाकल्याचं मलाच कळलं नाही, म्हणून पानावर नाही."

"सांगितलं नसतंस तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही. आणि पेप्टाइड फुकट बदनाम झालं असतं."

त्यांनी नोंदीचं पान माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाल्या, चूक पानावर लिही, खाली सही कर. आजच नवी क्रीम कर, पेप्टाइडसकट. आणि यापुढे काका एकेक ओळ मोठ्यानं वाचतील, तेवढंच तू घालायचं.

सहा वर्षांच्या हाताला हे झोंबलं. काका मात्र खुशीत, म्हातारपणी मास्तरकी मिळाली म्हणाले. मी सही केली, तासभर उशीर होईल असं सासूबाईंना फोनवर कळवलं. पोर आत्ताच झोपलीय, सावकाश ये, म्हणाल्या.

काकांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली. मी पाणी मोजायला घेतलं.