अष्टग्रहीतला होकार

पनवेलजवळ खाडीकाठी धर्मराजचं मिठागर होतं. गावात पेपर वाचणारा तो एकटाच, त्यामुळे जगाची काळजीही त्यालाच. बासष्ट सालच्या फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, ही बातमी त्याने लोकांना इतक्यांदा वाचून दाखवली की शेवटी तोच घाबरला. बाजारात कुणीतरी त्यात अणुबाँबची भर घातली; शिवाय जे उरतील त्यांच्यावर साऱ्या जगाचं एकच सरकार येईल, असंही सांगितलं. त्या सरकारात मामलेदाराची जागा धर्मराजने मनातल्या मनात स्वतःसाठी धरली. पण दिवस जवळ आले तशी जागाही नको आणि उरणंही नको, असं त्याला झालं.

त्याची मुलगी भामा हिच्या मनात करंजा बंदरावरच्या दयारामशी लग्न करायचं होतं. दयाराम कोळ्याचा आणि हे आगरी, म्हणून धर्मराज कधीपासून नाही म्हणत होता. त्या आठवड्यात भामाने पुन्हा विचारलं. सगळंच बुडणार, तर पोरीला जाताजाता कशाला रडवा, असं म्हणून त्याने मन मोठं केलं.

"वैशाखात लगीन लावून देतो," तो म्हणाला.

वैशाख उजाडणारच नव्हता, तेव्हा त्याचं काहीच जात नव्हतं. भामाने मात्र त्याच दुपारी करंज्याला निरोप धाडला.

जग बुडायच्या ठरल्या दिवशी तो अंघोळ करून देवापुढे बसला. भरती आली, ओसरली. बायकोने, गंगाबाईने, जेवायला हाक मारली तेव्हा तो खाली मान घालून उठला.

आठवड्याभरात दयारामचा बाप बोलणी करायला दारात हजर झाला. धर्मराजने भामाला आत नेलं.

"जग बुडणार म्हनून मी हो बोललो."

"ठाव हाय, बाबा. म्हनून तर तवाच इचारलं."

तो हसतच बाहेर गेला आणि त्याने सुपारी फोडली.

लग्नाला त्याचे दोन चुलतभाऊ रुसून आले नाहीत. आलेल्यांना तो स्वतःच सांगत सुटला, ग्रहांना भिऊन पोरगी दिली म्हणून. सांगताना त्याला एवढं हसू यायचं की गोष्ट अर्धीच राहायची. भामा सासरी जायला होडीत बसली तेव्हा मात्र त्याचं हसू मावळलं. होडी दिसेनाशी झाली, गंगाबाई घरी परतली, तरी तो धक्क्यावरच उभा होता.